दोन तास पुढे

माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, "किती लांब आहे हो?" मी किलोमीटर सांगते. बारा हजार सातशे म्हटलं की तो "बाप रे" म्हणतो आणि त्याचं समाधान होतं. मला त्या आकड्याचा कवडीचाही उपयोग नाही. नकाशावर दोन विमानतळांवर बोट ठेवून सरळ अंतर काढणं कुणालाही जमेल. त्याच अंतराला जाताना तेरा तास वीस मिनिटं लागतात आणि येताना चौदा तास चाळीस, कारण येताना वारा तोंडावर असतो. त्यात विमानतळावर आधी जाऊन बसायचे तीन तास, उतरल्यावर रांगेत काही मिनिटं, टॅक्सीत काही, आणि वर दोन्हीकडच्या घड्याळांतला सात तासांचा फरक. ही सगळी बेरीज बिनचूक करायची, याचा मला पगार मिळतो. बेरजेत मी पक्की आहे. माझं घोडं बेरजेत अडलं नाही. ते एका शब्दात अडलं.

आमची संस्था रक्तदात्यांसारखीच, पण वेगळ्या दात्यांची नोंद ठेवते. ज्यांचं शरीर स्वतःचं रक्त बनवेनासं होतं, त्यांना दुसऱ्याच्या रक्तातल्या मूळ पेशी द्याव्या लागतात. जुळणारा दाता सापडतो तो बहुधा जगाच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या पेशी पिशवीत भरतात, पिशवी थंड डब्यात ठेवतात, आणि डबा एका माणसाच्या हातात देतात. तो माणूस म्हणजे आमचा वाहक. त्याने विमानात बसायचं, डबा पायाशी ठेवायचा आणि घेऊन यायचा. डबा सामानात टाकायचा नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, तपासणीच्या एक्स-रे मशीनमधून न्यायचा नाही. पिशवी भरल्यापासून बहात्तर तास. त्यानंतर पिशवीत जे उरतं त्याने कुणी जगत नाही.

आणि इकडे पेशंटला आधीच सहा दिवस जालीम औषधं दिलेली असतात, स्वतःचं जे काही उरलंसुरलं असेल ते मारून टाकायला. त्याशिवाय नव्या पेशी रुजत नाहीत. त्यामुळे डबा आला नाही तर "पुढच्या आठवड्यात बघू" असं नसतं. परतीची वाट आपणच बुजवलेली असते.

या वेळी पेशंट होती चारशे अठरा. नाव आम्हाला कळत नाही, कळू देत नाहीत. बाई, वय चौतीस, वजन सत्तावन्न किलो. दाता मिळाला होता, पण त्याच्या पेशी बेताच्याच निघाल्या. पेशंटच्या वजनाच्या किलोमागे निदान वीस लाख जिवंत पेशी लागतात. पिशवी भरली तेव्हा किलोमागे चोवीस लाख होत्या. म्हणजे वाटेत चार लाख मरायची मुभा. जितके तास जास्त, तितक्या जास्त मरणार.

आणि वाहक होते माझे वडील.

बाबांनी कोर्टात छत्तीस वर्षं कारकुनी केली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाबांनी ती रोज दोनदा चढली आणि उतरली. तारखा देणं हे त्यांचं काम, म्हणून आमच्या ऑफिसातही ते आले की सगळे "तारीखकाका आले" म्हणत. आई गेल्यावर त्यांनी खिडकीजवळची खुर्ची धरली आणि वर्षभर सोडली नाही. मग मीच त्यांना इथे आणलं. वाहक म्हणून आम्हाला निवृत्त, थंड डोक्याची, पासपोर्टवाली माणसं हवीच असतात. अकरा फेऱ्या त्यांनी केल्या आणि माणसात आले. दाढी करायला लागले, आणि माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवायला लागले. आमच्या मॅडमना मुलीने बापाला पाठवणं फारसं रुचत नव्हतं. त्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, "घरचं घरी. वाहकाला निरोप फक्त आकड्यांत. चोवीस ताशी वेळ, दोन्ही घड्याळांची. शब्द नकोत."

मी नेहमी आकडेच लिहायचे. त्या बुधवारी लिहिले नाहीत. घाई होती म्हणावं तर घाई नव्हती. सकाळचे आठ चाळीस झाले होते, ऑफिसात अजून कुणी आलं नव्हतं, हातात चहा होता. विमान कंपनीचा मेल आला: तिकडची मोठी धावपट्टी दुरुस्तीसाठी आज संध्याकाळी आठपासून उद्या सकाळी सहापर्यंत बंद, म्हणून रात्री साडेनऊचं विमान साडेसातला सुटेल. तिकडे तेव्हा पावणेचार वाजत आले होते. बाबा चारला डबा ताब्यात घेणार. चारला निघाले तर पाचला विमानतळावर, म्हणजे आरामात. मी चहाचा घोट घेतला आणि एका हाताने मेसेज टाकला.

"बाबा, विमान दोन तास पुढे घेतलंय. त्याप्रमाणे निघा."

मिनिटभरात उत्तर आलं. "ठीक. बरं झालं."

मलाही बरंच वाटलं. डबा पहाटेच येईल आणि सकाळी पेशी चढवतील. आमचं ऑफिस हॉस्पिटलच्याच तळमजल्यावर आहे; मी तिसऱ्या मजल्यावर, पेशंटच्या विभागात, फोन करून तसं सांगितलं आणि बाकीची कामं काढून बसले.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी बाबांना फोन लावला. तिकडे सात वाजून पाच मिनिटं. विमानाचं दार बंद व्हायला पाच-सात मिनिटं असतील, तेवढ्यात "नीट बसलात का" विचारावं, एवढाच हेतू.

"बसलात का?"

"बसलोय की. निवांत. सूप घेतोय."

"विमानात सूप? इतक्यात?"

"विमानात कुठलं? हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. इथल्या सिस्टर फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, विमानतळावर ताटकळण्यापेक्षा इथेच थांबा. आठला टॅक्सी सांगितलीय."

मी घड्याळ पुन्हा बघितलं: बारा वाजून सहा मिनिटं.

"बाबा, विमान साडेसातला आहे."

"साडेअकराला ना? साडेनऊ आणि दोन, साडेअकरा."

"अहो, अलीकडे घेतलंय! कळत नाही का तुम्हाला? मेसेज वाचता की नाही?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पलीकडे त्यांनी सूपची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते त्यांच्या नेहमीच्या संथ आवाजात म्हणाले, "अगं, तू 'पुढे' लिहिलंयस. पुढे म्हणजे पुढेच ना?"

पुढे. या नोकरीआधी मी सात वर्षं एका दवाखान्याच्या खिडकीवर होते. तिथे दिवसभर एकच गजर: "ताई, आमचा नंबर जरा पुढे घ्या ना." पुढे घेतला की माणूस खूश, लवकर सुटला. बाबांनी छत्तीस वर्षं कोर्टात काढली. तिथे तारीख पुढे गेली की माणूस डोक्याला हात लावायचा, कारण पुढे म्हणजे लांबणीवर. बाप-लेक एका घरात राहतो, एक भाषा बोलतो, आणि तो शब्द दोघांनी आपापल्या नोकरीतून घरी आणलेला. इतक्या वर्षांत तो कधी समोरासमोर आलाच नव्हता.

"बाबा, फोन चालू ठेवा. डबा कुठे आहे?"

"मांडीवर."

"झाकणावरचा तापमानाचा आकडा किती?"

"चार. ताब्यात घेतल्यापासून चारच आहे."

मी फोन ठेवला आणि विमानांची यादी उघडली. घाईत अक्षरं चुकत होती. थेट विमान एक दिवसाआड. पुढचं शुक्रवारी रात्री साडेनऊला, आमच्या घड्याळाने दुपारी अडीचला. चौदा तास चाळीस मिनिटं. शनिवारी पहाटे पाच दहाला उतरेल. पिशवी भरली होती बुधवारी सकाळी सहाला, आमच्या वेळेने. एकाहत्तर तास दहा मिनिटं. विमानतळ ते हॉस्पिटल पन्नास मिनिटं. बेरीज केली, पुन्हा केली, मग कागदावर केली. बरोबर बहात्तर. आणि तोवर त्या चार लाखांच्या मुभेचं काय झालं असेल, ते कळायला माझी गरज नव्हती.

दुसरा रस्ता मधल्या एका विमानतळावरून होता. धावपट्टी उघडल्यावर सकाळी सात दहाचं विमान. मध्ये उतरून एक तास दहा मिनिटांत दुसरं पकडायचं. गुरुवारी संध्याकाळी साडेचारला इथे. छत्तीस तासांच्या आत हॉस्पिटल. ऐकायला उत्तम. पण आमचा डबा एक्स-रेमधून न्यायचा नाही म्हटल्यावर प्रत्येक विमानतळाकडून आधी परवानगीचं पत्र घ्यावं लागतं. सुटायच्या आणि उतरायच्या विमानतळांची पत्रं होती. मधल्याचं नव्हतं. मी तिकडच्या सुरक्षा कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "अर्ज पाठवा. चोवीस तास लागतात." मी म्हटलं, माझ्याकडे एकोणीस आहेत. तो म्हणाला, "अर्ज पाठवा."

अर्ज पाठवला आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. विभागाच्या दाराबाहेर एक माणूस भिंतीवरच्या फोनला कान लावून बसला होता. काचेपलीकडे दुसरा फोन असतो, पेशंटच्या उशाशी. तो सांगत होता, "नाही गं, पंखा दुरुस्त नाही केला. तू आलीस की करू. हो. उद्या सकाळी येणार म्हणालेत." मी मान खाली घालून पुढे गेले. कुणाचा कोण, मला माहीत असायचं कारण नाही. पण त्या आठवड्यात त्या विभागात एकच पेशंट होती.

डॉक्टर उभ्याउभ्या काहीतरी लिहीत होते. मी सांगितलं, विमान चुकलं.

"कसं काय?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं: मी चुकीचा निरोप दिला. ते जिभेवर आलं होतं. पण मी म्हणाले, "वाहक वेळेवर पोचला नाही."

खोटं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं मात्र होतं. डॉक्टरांनी पेन थांबवलं नाही.

"दुसरा रस्ता?"

मी सांगितला. पत्राचंही सांगितलं.

"डबा मशीनमधून गेला तर मला तो घेता येणार नाही," ते म्हणाले. "शनिवारची वाट बघितली तर घेण्यात अर्थ राहणार नाही. पाठवा मधल्या रस्त्याने. आणि बाई, तिच्या पांढऱ्या पेशी आज शून्य आहेत. शून्याजवळ नाही, शून्य. एवढं लक्षात ठेवा."

लक्षात ठेवायला सांगावं लागत नाही हो, असं म्हणावंसं वाटलं, आणि नको त्या जागी राग आला. तोंडातून "हो" एवढंच निघालं. खाली येऊन बाबांचं तिकीट काढलं. या वेळी मेसेजमध्ये नुसते आकडे होते. विमान क्रमांक, ०७:१०, इथली वेळ, तिथली वेळ, पोचायची वेळ. बाबांचं उत्तर आलं, "कळलं. दोनदा वाचलं." रात्री डबा तिकडच्या लॅबमध्ये सांभाळून ठेवला होता आणि बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मला झोप लागली नाही, यात सांगण्यासारखं काही नाही.

गुरुवारी, आमच्या घड्याळाने सकाळी आठ वाजता, बाबा मधल्या विमानतळावर उतरले. पत्र आलं नव्हतं. मी मेल दर दोन मिनिटांनी उघडत होते. बाबांना सांगितलं होतं की फोन चालू ठेवून शर्टाच्या खिशात ठेवा, काही अडलं तर मी बोलेन. आठ वीसला तपासणीची रांग आली. खिशातून मला सगळं घुसमटल्यासारखं ऐकू येत होतं: ट्रे आपटल्याचे आवाज, कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि मग एक जाड आवाज.

"डबा पट्ट्यावर ठेवा."

"साहेब, यात माणसाच्या जिवंत पेशी आहेत. डॉक्टरांचं पत्र हे बघा. हाताने तपासा, उघडून दाखवतो, पण मशीनमधून नको."

"आमच्याकडे तुमची परवानगी नाही. पट्ट्यावर ठेवा, नाहीतर बाजूला व्हा."

आठ सत्तावीस. दुसऱ्या विमानाचं दार आठ पंचावन्नला बंद होणार. मी ओरडायला लागले, "बाबा, फोन त्यांना द्या, मी बोलते." पण खिशातला फोन कुणाला ऐकू येतो?

बाबांचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणी कोर्टात ऐकला होता. शाळेला सुटी असली की ते मला मागच्या बाकावर बसवायचे. मोठमोठे वकील अंगावर यायचे, तेव्हा ते याच आवाजात बोलायचे. जराही न चढवता.

"साहेब, मी कायदा मोडणारा माणूस नाही. तुम्ही सांगता तर आत्ता ठेवतो. फक्त ह्या कागदावर एक ओळ लिहून द्या: 'डबा मशीनमधून न्यायला मी सांगितलं.' खाली नाव, हुद्दा, सही, तारीख, वेळ."

"मी कशाला लिहून देऊ?"

"तुमचाच हुकूम आहे ना, म्हणून. उद्या पेशंटचं बरंवाईट झालं तर विचारतील कुणी सांगितलं. मी म्हातारा माणूस, माझ्या लक्षात राहायचं नाही. लिहिलेलं बरं."

मूलसुद्धा रडायचं थांबलं होतं.

"तुम्हाला लिहायचं नसेल तर ज्यांना लिहायचा अधिकार आहे त्यांना बोलवा. मी थांबतो."

मी थांबतो! आठ एकतीस झाले होते. मी टेबलाची कड धरून उभी होते. मॅडम त्यांच्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझ्या डोक्यात बेरीज चालूच होती: तपासणी ते दार, बाबांच्या गुडघ्याने, बारा मिनिटं. आठ त्रेचाळीसच्या पलीकडे जाऊन चालणार नव्हतं. आठ चाळीसला एका बाईचा आवाज आला. तिने पत्र वाचलं असावं. कागद फडफडला. झाकण उघडल्याचा आवाज, मग पुन्हा लावल्याचा. कसल्यातरी फडक्याने डबा पुसल्यासारखा आवाज. तिने कुणाला तरी काही विचारलं, त्याने काही उत्तर दिलं, आणि ते फार लांबलं. आठ सेहेचाळीस.

"जा, आजोबा," ती म्हणाली. "पळा."

मग नुसता श्वास. बाबांचा, जोरजोरात, आणि बुटांचा असमान आवाज, कारण डावा गुडघा नीट वाकत नाही. मी "हळू" म्हणू की "लवकर" म्हणू ते मला कळेना, आणि दोन्ही म्हणत राहिले. आठ त्रेपन्नला फोन बंद पडला. रात्रभर चार्ज केला नसणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

विमान नऊ बाराला सुटलं. कंपनीच्या पानावर तेवढं दिसलं. आत कोण बसलंय ते त्या पानावर नसतं. मी त्यांना फोन केला. प्रवाशांची माहिती देता येत नाही म्हणाले. मुलगी आहे म्हटलं, तरी देता येत नाही म्हणाले. बाबा आत बसले असतील तर सात तास वीस मिनिटांनी डबा इथे. बाहेर राहिले असतील तर पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, आणि मग चार लाखांत काहीच भागणार नव्हतं.

ते सात तास कसे गेले ते मला क्रमाने सांगता यायचं नाही. मॅडमनी विचारलं, "मुळात विमान चुकलं कशामुळे?" मी म्हटलं, "रिपोर्ट बाबा आल्यावर लिहिते." अळीमिळी गुपचिळी. दुपारी जेवणाचा डबा उघडून तीन घास खाल्ले आणि झाकण लावलं. एकदा जिन्यापर्यंत गेले, तिसऱ्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांना खरं सांगावं म्हणून, आणि अर्ध्या जिन्यातून परत फिरले. मला भीती वाटत होती. नोकरीची होती, मॅडमची होती, ते सगळं खरंच. पण त्या फोनवाल्या माणसाची जास्त होती. बाबा आले नाहीत तर त्याला घरी जाऊन पंखा एकट्यासाठी दुरुस्त करावा लागणार होता, आणि त्याला कधीच कळणार नव्हतं की एका बाईने एका हातात चहाचा कप धरून एक शब्द लिहिला होता.

साडेतीनलाच विमानतळावर जाऊन उभी राहिले. विमान चार पस्तीसला उतरलं. माणसं यायला लागली. बॅगा ओढत, फोनवर बोलत, एकमेकांच्या गळ्यात पडत. मी मोजत होते. शंभर मोजले, दीडशे मोजले. दोनशे दहाच्या आसपास माणसं विरळ झाली. मग दार उघडेना. नंतर एक साफसफाईवाला बाहेर आला. त्याच्या मागून बाबा.

लंगडत होते. शर्ट एका बाजूला बाहेर आला होता. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. मला बघून त्यांनी आधी झाकणावरचा आकडा माझ्याकडे वळवला. पाच.

"माझ्या तोंडावर दार लावत होते," टॅक्सीत ते म्हणाले. "म्हटलं, लावा, पण मला आत घेऊन."

मी हसले नाही. ते डबा मांडीवर धरून रस्त्याकडे बघत राहिले. सिग्नलला गाडी थांबली की त्यांचा पाय उगाच ब्रेक दाबल्यासारखा हलायचा, जणू तसं केल्याने गाडी लवकर सुटणार होती.

"चारशे अठरा कशी आहे?"

"वाट बघतेय."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. डॉक्टर लॅबच्या दारातच होते. त्यांनी डबा घेतला, आकडा बघितला, पिशवीची नळी बघितली, लॅबच्या बाईंच्या हातात दिला. मग फॉर्म काढला. रागावून नव्हे, रकाना भरायचा म्हणून त्यांनी बाबांना विचारलं, "काल उशिरा पोचलेले वाहक ते तुम्हीच ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना तिथल्या तिथे सगळं कळलं: मी काय सांगितलं असेल, आणि का. इतकी वर्षं साक्षीदारांचे चेहरे बघितलेला माणूस.

"हो," ते म्हणाले. "मीच."

मी गप्प राहिले. हे सांगताना आजही लाज वाटते, पण राहिले. डॉक्टर फॉर्म बाबांच्या हातात देऊन आत गेले.

लॅबच्या बाहेर एक लांब बाक होतं. आत पेशी मोजायला पाऊण तास लागतो. बाबा बसले, खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला आणि त्यांच्या त्या गोल, कोर्टी अक्षरात 'विलंबाचं कारण' या रकान्यात लिहायला लागले: वेळ समजून घेण्यात वाहकाची...

मी कागद ओढला.

"काय करतेस? फाटेल."

"मी लिहिते."

"अगं, मला काय होणार आहे? यादीतून नाव काढतील. सदुसष्ट झालं, आज ना उद्या काढणारच होते. तुझं तसं नाही. तुझी अजून वीस वर्षं आहेत."

"नाव काढलं की तुम्ही परत त्या खुर्चीत बसाल."

ते खरं होतं, आणि आम्ही ते कधी एकमेकांना बोलून दाखवलं नव्हतं. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. त्यांनी जरा धरून ठेवलं, मग सोडलं. त्यांची ओळ खोडून मी लिहिलं: वेळ आकड्यांत न देता शब्दांत दिली. नियमाविरुद्ध. शब्द दोन अर्थांचा होता. वाहकाने घेतलेला अर्थ बरोबर होता. काल डॉक्टरांना मी पूर्ण खरं सांगितलं नाही. खाली नाव, हुद्दा, सही, तारीख, वेळ.

बाबांनी वाचलं. "दोन अर्थांचा होता, तर वाहकाचा बरोबर कसा? तुझाही तितकाच बरोबर," ते म्हणाले. "कोर्टात टिकायचं नाही हे."

"राहू द्या."

"तुझं म्हणणं तरी नीट मांड."

"बाबा, राहू द्या."

कॉरिडॉरच्या टोकाला तो माणूस भिंतीवरच्या फोनपाशी बसला होता. आज बोलत नव्हता. रिसीव्हर कानाला होता आणि पलीकडून काही ऐकत असावा, किंवा पलीकडेही कुणी बोलत नसेल आणि दोघं नुसते फोन धरून बसले असतील. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. सहा वीस. सहा पंचवीस. बाबा हाताची बोटं मोडत होते. एक बोट मोडेना, तर त्याच्या मागे लागले होते. मी मनात भागाकार करत होते: चोवीसातून किती गेले असतील, तासाला किती, छत्तीसने गुणून किती. उत्तर दर वेळी वेगळं येत होतं. एकदा एकोणीस आलं. मी पुन्हा केलं नाही.

सहा बत्तीसला दार उघडलं. लॅबच्या बाई हातमोजे काढत बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडे न बघता कागद बघून सांगितलं, "किलोमागे एकवीस लाख दहा हजार. जिवंत."

मला वीस आठवेना. खरंच सांगते. आठ वर्षं हे काम करतेय, कालपासून तो एकच आकडा घोकतेय, आणि त्या क्षणी मला आठवेना की वीस हवेत की बावीस की पंचवीस. मी बाबांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते, गुडघा धरून.

"बाई," ते म्हणाले, "आकडा राहू द्या. आम्हाला एका शब्दात सांगा. असा शब्द, की त्याचा दुसरा अर्थ निघायला नको."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी विचार केला.

"पुरे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आतून पिशवी घेऊन निघाले आणि आमच्यासमोरून काचेच्या दारातून गेले. फोनवाला माणूस उभा राहिला. मी बाकावर बसले आणि रडायला लागले. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, लहानपणी रडायचे तशी. लोक बघत होते. थांबता येत नव्हतं. बाबा शेजारी बसले. त्यांनी माझ्या हातातून सही केलेला फॉर्म काढून घेतला, भिजू नये म्हणून, आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"पुरे," ते म्हणाले. "पुरे, बाळा."